चिनी मातीच्या दाताचे आयुष्य

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

आंबट पदार्थ कशात ठेवावा, हे आपल्याकडे कुणाला शिकवावे लागत नाही. लोणचे चिनी मातीच्या बरणीत जाते. पितळेच्या पातेल्यात ताक किंवा कढी राहिली तर ती कळकते, म्हणून पूर्वी भांड्यांना कल्हई लावून घेत. उलट देवघरातला तांब्या काळवंडला की चिंच घेऊन तो घासायचा, की लखलखीत होतो. आंबट पदार्थ धातूवर काम करतो, बरणीवर करीत नाही. पिढ्यान् पिढ्यांच्या स्वयंपाकघराने ठरवलेला हा नियम आहे.

दातांवर आम्ही जी पांढरी कॅप बसवतो, ती या बरणीच्याच कुळातली. तिला सिरॅमिक म्हणा, पोर्सेलीन म्हणा, मूळ तेच. त्यामुळे कॅप बसवलेल्या माणसाच्या मनात एक निर्धास्तपणा येतो. आमच्या अंबाजोगाईकडची एक आजी मला म्हणाली होती, "लेकरा, हा दात आता मातीचा हाय. मातीला कधी कीड लागती का?" आजींचे म्हणणे अर्धे खरे आहे. मातीला कीड लागत नाही. पण मातीचा दात कायमचा टिकतो का, रोज चूळ भरायचे रंगीत माउथवॉश, लिंबू, चिंच, बाटलीतली शीतपेये आणि पोटातले पित्त त्याला काय करतात, हे दुसरे अर्धे समजून घेतले पाहिजे. कारण एक कॅप म्हणजे काही हजार रुपये. हातावर पोट असलेल्या घरात ती रक्कम म्हणजे कित्येक दिवसांची मजुरी असते.

हस्तिदंताकडून चिनी मातीकडे

चिनी मातीचा दात जन्मला तोच मुळी तोंडातल्या कटकटीला कंटाळून. अठराव्या शतकात युरोपातले श्रीमंत लोक हस्तिदंताच्या कवळ्या वापरीत. हस्तिदंत म्हणजे शेवटी प्राण्याचा दात. तो लाळ शोषतो, डागाळतो, त्याला दुर्गंधी येते. पॅरिसजवळच्या ड्युशातो नावाच्या औषध विक्रेत्याला हा त्रास फार होता, कारण धंद्यामुळे त्याला नाना औषधांचा संपर्क येई. औषधाची चिनी मातीची भांडी मात्र डागाळत नाहीत, हे त्याने पाहिले आणि १७७४ च्या सुमारास एका पोर्सेलीनच्या कारखान्यातून त्याने स्वतःसाठी चिनी मातीची कवळी करवून घेतली. पुढे द्युबुआ द शेमाँ या दंतवैद्याने ती कल्पना सुधारून प्रचारात आणली.

एका दातावर टोपीसारखी बसणारी पोर्सेलीनची कॅप त्यानंतर शंभर वर्षांनी, १८८० च्या दशकात आली. ती अमेरिकेतील डेट्रॉइटच्या डॉ. चार्ल्स लँड यांची. १९२७ मध्ये एकट्याने विमानातून अटलांटिक महासागर ओलांडणारा चार्ल्स लिंडबर्ग हा त्यांच्या मुलीचा मुलगा. या कॅप दिसायला सुंदर, पण ठिसूळ होत्या. १९६० च्या दशकात आत धातूचे कवच आणि वर सिरॅमिकचा थर अशी जोडी जमली आणि कॅप दाढेवरही टिकू लागली. आजही आपल्या भागात बसणाऱ्या कॅपमध्ये हा प्रकार भरपूर आढळतो. अलीकडे त्याच्या जोडीला लिथियम डायसिलिकेट आणि झिर्कोनिया हे बिनधातूचे प्रकार आले आहेत.

परीक्षा कशी घेतात?

दातांच्या सिरॅमिकसाठी आयएसओ ६८७२ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात आम्लाची एक परीक्षा आहे. सिरॅमिकच्या चकत्या चार टक्के अॅसेटिक आम्लात बुडवायच्या, ते आम्ल ८० अंश सेल्सिअसवर तापवायचे आणि १६ तास तसेच ठेवायचे. चार टक्के अॅसेटिक आम्ल म्हणजे साधारण आपल्या स्वयंपाकघरातले व्हिनेगरच. एवढे करूनही तोंडात उघड्या राहणाऱ्या सिरॅमिकचे वजन दर चौरस सेंटिमीटरमागे १०० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी घटले पाहिजे. अख्ख्या कॅपचा हिशेब केला तरी ही घट मिठाच्या मोजक्या कणांइतकी भरेल.

म्हणजे चांगल्या दर्जाची, नीट भाजलेली कॅप जेवणातल्या चिंचेच्या साराने विरघळणार नाही. ही खात्री आधी बाळगावी. पण विरघळणे आणि खराब होणे यांत फरक आहे. वजन मिठाच्या कणाएवढेही न घटता पृष्ठभाग खरखरीत होऊ शकतो, आणि दुखणे तिथून सुरू होते.

पोर्सेलीन म्हणजे बहुतांशी काच. वाळूतली सिलिका हा तिचा सांगाडा आणि त्या सांगाड्याच्या पोकळीत सोडियम, पोटॅशियम यांचे कण बसलेले. आम्ल आले की त्यातला हायड्रोजन या कणांना बाहेर काढून त्यांची जागा घेतो. सांगाडा उभा राहतो, पण वरचा अगदी पातळ थर कमकुवत होतो. अल्कलीचे काम उलटे. ती थेट सांगाड्यालाच हात घालते. झिर्कोनियात मात्र काच जवळजवळ नसतेच, म्हणून त्यावर आम्लाचा परिणाम फारच थोडा. लिथियम डायसिलिकेट या दोहोंच्या मधे बसते. म्हणून कॅप बसवताना "ही कशाची आहे?" असे डॉक्टरांना विचारावे आणि उत्तर कागदावर लिहून घ्यावे. पुढे दुसऱ्या गावी, दुसऱ्या डॉक्टरकडे जायची वेळ आली, तर ती चिठ्ठी कामाला येते.

तकाकी हेच चिलखत

बरणीला चकाकी येते ती ग्लेझमुळे, म्हणजे वरच्या काचेसारख्या थरामुळे. कॅपलाही तशीच तकाकी प्रयोगशाळेच्या भट्टीत दिली जाते. जुनी बरणी आठवा. जिथे ग्लेझ शाबूत आहे तिथे बरणी पुसली की स्वच्छ होते. जिथे टवका उडाला आहे किंवा बारीक रेषा पडल्या आहेत तिथे हळद आणि तेल शिरून कायमचा डाग राहतो. दाताचेही असेच आहे. गुळगुळीत पृष्ठभागावर जंतूंचा थर सहज टिकत नाही. खरखरीतपणा ०.२ मायक्रोमीटरच्या वर गेला की थर अधिक साठू लागतो, असे दंतशास्त्र मानते. एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. जिभेला जे जेमतेम कळेल ते जंतूंना घर करायला पुरते.

खरखरीत सिरॅमिकचा दुसरा उपद्रव समोरच्या दाताला होतो. खालची कॅप खरखरीत झाली की ती कानशीसारखी वरचा नैसर्गिक दात झिजवते. कॅप मजबूत आणि खरा दात झिजलेला, असे तोंड मी अनेकदा पाहतो.

ही तकाकी पहिल्यांदा जाते ती बहुधा दवाखान्यातच. कॅप बसवल्यावर रुग्ण म्हणतो, "डॉक्टर, दात उंच लागतोय." मग डॉक्टर ती जागा घासून कमी करतात. ते योग्यच आहे. पण घासलेल्या जागेवरचे ग्लेझ गेलेले असते. ती जागा पुन्हा पॉलिश केली पाहिजे, किंवा कॅप भट्टीत घालून पुन्हा ग्लेझ केली पाहिजे. चांगले पॉलिश ग्लेझच्या तोडीचे काम देते. खुर्चीवरून उठण्यापूर्वी जीभ फिरवून पाहा आणि खरखर लागली तर सांगा. त्यात संकोच कसला?

माउथवॉशचे खरे-खोटे

आता माउथवॉशकडे वळू. त्याची परीक्षाही प्रयोगशाळेत होते. रोज दोन मिनिटे चूळ धरली तर वर्षाची सातशे तीस मिनिटे होतात, म्हणजे सुमारे बारा तास. म्हणून सिरॅमिकची चकती बारा तास द्रावणात ठेवली, की वर्षभराचा वापर झाला असे धरतात आणि मग रंग, चकाकी, खरखर मोजतात. अशा चाचण्यांचा एकंदर सूर असा, की नीट ग्लेझ किंवा पॉलिश केलेल्या सिरॅमिकवर नेहमीच्या माउथवॉशचा परिणाम अल्प असतो आणि तो सिरॅमिकच्या जातीनुसार व द्रावणाच्या आम्लतेनुसार बदलतो. माउथवॉशने कॅप विरघळते ही भीती निराधार आहे. मात्र सगळे माउथवॉश एका माळेचे मणी नव्हेत.

पहिला प्रकार क्लोरहेक्सिडिनचा. हिरड्या सुजल्या, दात काढला, शस्त्रक्रिया झाली, तर डॉक्टर हा देतात; आपल्याकडे तो बहुधा ०.२ टक्क्यांचा मिळतो. तो सिरॅमिकला खात नाही, पण तपकिरी डाग पाडतो आणि चहा पिणाऱ्याला अधिकच. चहा तर आपल्याकडे दिवसातून पाच वेळा. ग्लेझ शाबूत असेल तर हा डाग डॉक्टर पॉलिश करून काढतात. खरखरीत जागेतला डाग चिवट असतो. म्हणून हा माउथवॉश डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवसांपुरताच, साधारण दोन आठवडे, वापरावा. बाटली संपली की दुकानातून दुसरी आणून वर्षभर चालवू नये. दात घासल्यावर लगेच तो घेऊ नये. टूथपेस्टमधल्या फेसाच्या घटकाने त्याचा गुण कमी होतो. मध्ये अर्धा तास जाऊ द्यावा.

दुसरा प्रकार झोंबणाऱ्या तेलांचा, ज्यात निलगिरी, पुदिना, ओवा यांच्या जातीचे अर्क असतात. यातले काही चांगलेच आम्लधर्मी असतात. त्यांचा सामू, म्हणजे पीएच, चारच्या आसपास असतो. काहींत मद्यार्क भरपूर असतो. मद्यार्क सिरॅमिकला फारसे काही करीत नाही, पण दातांच्या रंगाचे जे प्लास्टिकसारखे फिलिंग असते, त्याला तो मऊ करू शकतो. तोंड कोरडे पडणाऱ्यांनी, मधुमेहींनी आणि वृद्धांनी बिनमद्यार्काचा घ्यावा.

तिसरा प्रकार फ्लुओराइडचा, आणि इथे कान टवकारून ऐकावे. रोजच्या टूथपेस्टमधले किंवा साध्या माउथवॉशमधले फ्लुओराइड घाबरण्यासारखे नाही. उलट कॅपखालच्या दाताला ते हवेच आहे. पण दवाखान्यात, विशेषतः मुलांच्या दातांना, जे आम्लयुक्त फॉस्फेट फ्लुओराइडचे १.२३ टक्क्यांचे जेल लावतात, त्याची गोष्ट वेगळी. आम्ल आणि फ्लुओराइड एकत्र आले की थोडे हायड्रोफ्लुओरिक आम्ल तयार होते आणि काचेचा खरा शत्रू तोच. हा शत्रू आम्ही दंतवैद्य मुद्दाम वापरतोसुद्धा. लिथियम डायसिलिकेटची कॅप चिकटवण्यापूर्वी तिच्या आतल्या बाजूला पाच टक्के हायड्रोफ्लुओरिक आम्ल फक्त वीस सेकंद लावले, की ती बाजू खरखरीत होते आणि सिमेंट घट्ट धरते. जे आतून हवे तेच बाहेरून झाले तर तकाकी गेलीच. म्हणून तोंडात सिरॅमिक असेल तर जेल लावण्यापूर्वी तसे सांगावे. डॉक्टर कॅपवर व्हॅसलीनचा थर देतील किंवा आम्ल नसलेले दोन टक्के सोडियम फ्लुओराइड वापरतील.

आपले आंबट

सामूचा आकडा जितका कमी तितके आम्ल तीव्र. पोटातल्या आम्लाचा सामू एक ते दोन, लिंबाच्या रसाचा दोन ते अडीच, कोला पेयाचा अडीचच्या आसपास, चिंचेचा अडीच-तीन, ताकाचा चार-साडेचार. नैसर्गिक दाताचे एनॅमल साडेपाचच्या खालीच विरू लागते. आता सिरॅमिकची आठवण करा; ते उकळत्या व्हिनेगरच्या जवळपास सोळा तास टिकते. म्हणजे लिंबाशी झुंज लागली तर आधी हरतो तो तुमचा स्वतःचा दात, कॅप नव्हे.

बीडच्या मातीत आंबटाला तोटा नाही. शेताच्या बांधावर चिंच आहे. हरभरा फुलावर आला की पहाटेच्या दवात त्याच्या पानांवर आंब येते. जुन्या बाया धोतराचा तुकडा पिकावरून फिरवून ती पिळून ठेवीत आणि पोटदुखीवर देत. ती आंब म्हणजे मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल. हे कशालाही सोडायला मी सांगणार नाही. चिंचेचे सार जेवताना दोन मिनिटांत घशाखाली जाते आणि लाळ उरलेले आम्ल धुऊन टाकते. त्रास होतो तो आम्ल तोंडात रेंगाळले की. दिवसभर घोट घोट शीतपेय पिणारा तरुण, गालात आंबट गोळी धरून बसणारी मुलगी, रात्री आंबट ढेकर आणि पाणी घशाशी येणारा पित्ताचा रुग्ण, यांच्या तोंडात आम्लाची पाळी संपतच नाही. पित्ताच्या त्रासाचा इलाज पोटाच्या डॉक्टरकडे करावा. गरोदरपणात उलट्या होत असतील तर पेलाभर पाण्यात चिमूटभर खायचा सोडा टाकून चूळ भरावी.

पाणी शिरते ते सांध्यातून

आपल्याकडच्या जुन्या माळवदाच्या घरात पाऊस कुठून गळतो? भिंतीच्या मध्यातून नाही. माती आणि भिंत जिथे भेटते, त्या सांध्यातून. कॅपचा सांधा हिरडीजवळ असतो. तिथे कॅप संपते, सिमेंटची रेष लागते आणि खाली तुमचा खरा दात उघडा असतो. आम्ल सिरॅमिकशी हरते, पण जुन्या पद्धतीचे सिमेंट हळूहळू धुऊन काढते आणि दाताच्या मुळाचा मऊ भाग तर त्याहून लवकर पोखरते. फटीत अन्न अडकते, कीड आत शिरते आणि बाहेरून कॅप चकाकतच राहते. रूट कॅनॉल केलेला दात असेल तर तो दुखतही नाही, कारण त्यातली नस गेलेली. मग एक दिवस भाकरी मोडताना कॅप हातात येते आणि आत काळा, कुजका खुंट दिसतो. आजींच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. मातीला कीड लागत नाही, मातीखालच्या दाताला लागते.

दुसरा धोका चिरेचा. सिरॅमिक दाबाला भक्कम, पण वाकवणाऱ्या जोराला कच्चे. पृष्ठभागावरच्या सूक्ष्म चिरेत ओलावा शिरतो आणि ताण पडला की ती चीर हळूहळू पुढे सरकते. आम्लाने खरखरीत झालेल्या जागी अशा चिरांना सुरुवात सोपी होते. आणि आपल्याकडे ऊस! दिवाळीच्या सुमारास गाळप हंगाम सुरू झाला की बीड जिल्ह्यातून काही लाख माणसे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. फडात तहान लागली की कांडे घेऊन दातांनी सोलायचे, ही सवय लहानपणापासूनची. समोरच्या दातांवर कॅप असेल तर ही सवय सोडावी. कोयता हाताशीच असतो. त्याने सोलून, लहान तुकडे करून दाढेने चावावे. फडावर जाण्यापूर्वी कॅप एकदा तपासून घ्यावी, कारण पुढचे पाच-सहा महिने दवाखान्यात जायला सवड मिळत नाही. खाजगी दवाखाना परवडत नसेल तर अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयासारख्या सरकारी रुग्णालयात दाखवावे.

मग करावे काय?

कॅपच्या सांध्यावर, हिरडीच्या कडेला, मऊ ब्रश आणि फ्लुओराइडची पेस्ट दोन वेळा फिरवावी. माउथवॉश ब्रशची जागा घेऊ शकत नाही. चिकटलेला थर पाण्याने जात नाही, घासूनच जातो. मिश्री, राख, विटेची पूड, कोळशाची भुकटी यांनी कॅप घासू नये. जी तकाकी आम्लाने वर्षानुवर्षे जात नाही ती या भुकट्या लवकर घालवतात. दात पांढरे करण्यासाठी लिंबू-मीठ चोळू नये. त्याने कॅपचा रंग बदलणार नाही आणि शेजारच्या दातांचे एनॅमल जाईल. आंबट खाल्ल्यावर लगेच ब्रश करू नये, कारण मऊ पडलेले एनॅमल घासले जाते; अर्धा तास थांबावे. सहा महिन्यांनी, निदान वर्षाने, सांधा तपासून घ्यावा.

आणि जेवण झाले की खळखळून चूळ भरावी, साध्या पाण्याने. पानावरून उठले की चूळ भरायची, हे आपल्या आजी-आजोबांना कोणत्याही बाटलीने शिकवले नव्हते. आंबट पदार्थ तोंडात रेंगाळू न देणारा यापेक्षा स्वस्त उपाय बाजारात मिळत नाही. टँकरच्या दिवसांतही त्याला दोन घोट पाणी पुरते.